किसनरावांचा उजवा गाल

किसनराव खंडारे यांच्या तोंडाने दीपमालाची दोन स्थळं आजवर मोडली होती, आणि तिसऱ्या स्थळासाठी तेच तोंड घेऊन ते अकोल्याला जाणार होते. घरातल्या बाकीच्यांना काळजी होती ती एवढ्याच गोष्टीची.

किसनराव अमरावतीजवळ केंद्रप्रमुख होते. म्हणजे बारा-तेरा शाळांवर देखरेख ठेवण्याचं काम सरकारने त्यांच्याकडे सोपवलं होतं, आणि देखरेख म्हणजे भाषण असा अर्थ त्यांनी परस्पर लावून घेतला होता. विषय ठरलेला: व्यसनमुक्ती. त्यातही खर्रा या पदार्थाशी त्यांचं घरगुती म्हणावं इतकं जुनं वैर होतं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून गालात कोंबलेला माणूस दिसला, की किसनरावांना समोर फळा दिसू लागे. मग तो माणूस शिपाई असो, सरपंच असो, की मयतीला आलेला पाहुणा असो, त्याची सुटका चाळीस मिनिटांच्या आत होत नसे.

पहिलं स्थळ मोर्शीचं होतं. मुलाच्या काकांच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी डोकावत होती. चाळीस मिनिटांनी काकांच्या पुढ्यातले पोहे दगड झाले आणि आठ दिवसांनी निरोप आला, की मुलगी चांगली आहे पण सर जरा जास्त आहेत. दुसरं स्थळ बार्शीटाकळीचं. तिथे किसनरावांनी भाषण केलं नाही, फक्त मुलाच्या वडिलांना "आ करा" म्हणाले आणि मोबाईलचा टॉर्च लावून त्यांच्या गालाची आतली बाजू तपासली. त्या लोकांनी निरोपसुद्धा पाठवला नाही.

तिसरं स्थळ दीपमालाने स्वतः आणलं होतं. ती वीज कंपनीत होती, धम्मदीप सिरसाटही वीज कंपनीत, आणि अकोल्याच्या एका प्रशिक्षणात दोघांची ओळख झाली होती. एकोणतीस वर्षांची मुलगी, स्वतःच्या पायावर उभी, तिने वडिलांना समोर बसवून सरळ सांगितलं.

"बाबा, मले तो पसंत आहे. हे मोडलं तर चौथं पाहू नका. मी पुन्हा कोनासमोर पोह्याची प्लेट घेऊन येनार नाही."

किसनरावांना हे फार लागलं. आपण समाजासाठी जी जीभ झिजवतो, तिची आपल्या घरात ही किंमत, असं त्यांना वाटलं, आणि तसं त्यांनी मनकर्णाबाईंना अर्धा तास बोलून दाखवलं. मनकर्णाबाई तेव्हा तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी डाळ निवडून संपवली आणि म्हणाल्या, "आवो, एक दिवस गप बसलात तं पोरीचं भलं होईन." अकोल्याची बैठक पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ठरली.

आणि बैठकीला दोन आठवडे उरले असताना किसनरावांची उजवी खालची दाढ दुखू लागली.

दाढ दुखते ही खाजगी बाब असते असा ज्यांचा समज असेल, ते आमच्या वऱ्हाडात राहिलेले नाहीत. सकाळी मनकर्णाबाईंनी लवंग मागितली आणि दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला निदान माहीत होतं. समोरच्या बेबीताई तुरटी आणि कापूर घेऊन आल्या. कापूर दाढेत ठेवल्यावर किसनरावांना दाढेऐवजी पूर्ण जबडा दुखू लागला. बेबीताई म्हणाल्या, याचा अर्थ औषध लागू पडलं.

शेजारचे गोपालराव तहसिलीतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी वैद्यकशास्त्र हाती घेतलं होतं. ते म्हणाले, काहीही करा, पण दाढ काढू नका, दाढेची नस डोळ्याला जुळलेली असते. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःचा साळा दिला. त्याने दाढ काढली आणि वर्षाच्या आत त्याला चष्मा लागला. साळ्याचं वय त्या वेळी सेहेचाळीस होतं, पण ही बाब गोपालरावांनी दुय्यम मानली होती.

चार दिवसांनी घास गिळता येईना, तेव्हा किसनराव दातांच्या डॉक्टर मंजुषाबाईंकडे गेले. तिथे त्यांना एका यंत्रासमोर उभं करून हनुवटी टेकवायला सांगितली. यंत्र डोक्याभोवती गोल फिरलं आणि किसनरावांचा अख्खा जबडा पडद्यावर आला. सगळे दात शाळेच्या परिपाठासारखे रांगेत उभे होते. शेवटची दाढ मात्र आडवी पडून पुढच्या दाढेला डोक्याने ढुशी देत होती.

"ही अक्कलदाढ," डॉक्टर म्हणाल्या. "हिला वर यायला जागाच मिळाली नाही. अर्धी हिरडीखाली, अर्धी हाडात. मधल्या फटीत अन्न अडकतं, ब्रश पोहोचत नाही, म्हणून हिरडी सारखी सुजते."

"पण मॅडम, छप्पन्न वर्षं ती गप्प होती. आत्ताच काय झालं?"

"गप्प नव्हती, सर. शेजारच्या चांगल्या दाढेला कीड लावत होती. हा काळा डाग पाहा."

मग त्यांनी नीट समजावलं, की आडवी असली म्हणून प्रत्येकाचीच दाढ काढत नाहीत. त्रास नसेल, शेजारच्या दाताला धक्का नसेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. पण वारंवार सूज, शेजारची कीड, कधी भोवती पाण्याची गाठ, असं काही असलं की शस्त्रक्रिया करून काढावीच लागते. पंचविशीत सोपं गेलं असतं, आता हाड टणक झालंय. सूज उतरायला आधी पाच दिवस गोळ्या, आणि मग शुक्रवारी, कारण शस्त्रक्रियेचे मोठे डॉक्टर त्यांच्याकडे फक्त शुक्रवारी येत. "काही जागच्या जागी त्रास देणारं असलं तर काढून टाकलेलं बरं," असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे का पाहिलं हे किसनरावांना कळलं नाही.

पहिला शुक्रवार गोळ्यांत गेला. दुसरा शुक्रवार बैठकीच्या दोन दिवस आधी येत होता. डॉक्टरांनी सांगितलं, सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, जमल्यास आणखी एक आठवडा थांबा. किसनराव थांबलेही असते, पण मध्ये त्यांचं कार्यालय आलं.

रजेच्या अर्जात "आजाराचे स्वरूप" असा रकाना होता. किसनरावांनी "दाढ" लिहिलं. आस्थापनेचा लिपिक जीवन याने अर्ज परत केला, कारण दाढ हा अवयव आहे, आजार नाही. दुसऱ्या अर्जात किसनरावांनी "तोंडाचा आजार" लिहिलं. तो वरपर्यंत गेला आणि शेरा मारून खाली आला: सदर कर्मचाऱ्याचे कर्तव्य पर्यवेक्षणाचे असून ते डोळ्यांनी करावयाचे आहे, तोंडाच्या आजारासाठी रजेची आवश्यकता स्पष्ट करावी. किसनरावांनी दीड पान स्पष्टीकरण लिहिलं. त्यातलं एक पान व्यसनमुक्तीवर गेलं. शेवटी शुक्रवार-शनिवारची रजा मिळाली आणि पुढचा पूर्ण आठवडा प्रशिक्षणाचा म्हणून रजा बंद झाली. जीवनने जाताना विचारलं, "सर, काढल्यावर दाढ जोडसान का अर्जाले? पुरावा म्हनून." तो थट्टा करत होता की नाही हे आजही नक्की सांगता येत नाही.

सूज साधारण माणसाला येते, असं किसनरावांचं मत पडलं आणि शुक्रवार पक्का झाला.

खुर्चीवर आडवं झाल्यावर त्यांनी डॉक्टरांना प्रत्येक पायरी आधी समजावून सांगायला लावली. इंजेक्शनने अर्धा ओठ आणि अर्धी जीभ गेली, तरी उरलेल्या अर्ध्या जिभेवर त्यांनी एका शाळेतला किस्सा सुरू केला. मोठे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. ते म्हणाले, सर, तोंड उघडं ठेवायचं, पण बोलायचं नाही. ही दोन कामं किसनरावांनी जन्मात कधी वेगळी केली नव्हती. हिरडी उघडली, थोडं हाड कोरलं, दाढेचे तीन तुकडे केले आणि एकेक बाहेर काढला, वरून टाके घातले. एकूण चाळीस मिनिटं लागली. इतका वेळ सलग समोरच्याचं ऐकून घेण्याचा त्यांना हा पहिलाच अनुभव होता.

सूचना कडक होत्या. तासभर कापसाची घडी दाबून धरायची, दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, आलेली लाळ गिळायची, बाहेरून बर्फ, खायला थंड आणि पातळ, आणि दोन-तीन दिवस शक्यतो बोलणं बंद. शेवटच्या सूचनेला दीपमालाने दोनदा "नक्की" म्हटलं आणि घरी येताना वाटेत एक दोनशे पानी वही घेतली. वडिलांना जे सांगायचं ते लिहून सांगता यावं म्हणून.

शनिवारी गल्ली भेटायला आली. वऱ्हाडात आजाऱ्याला भेटायला जाणं हे पुण्य नाही, हजेरी आहे. गोपालरावांनी वर्तमानपत्र पाच फुटांवर धरून बारीक जाहिराती वाचायला लावल्या. किसनरावांनी वहीत लिहिलं, "मला पूर्वीपासून चाळिशी आहे." गोपालराव बाकीच्यांकडे वळून म्हणाले, सुरुवात झाली.

रविवारी सकाळी किसनराव आरशासमोर उभे राहिले. डावीकडे केंद्रप्रमुख खंडारे दिसत होते. उजवीकडे कोणीतरी गालात संत्रं ठेवून उभा होता. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. बोलायला गेलं तर लाळ ओठांच्या कोपऱ्यातून येई, म्हणून हनुवटी वर उचलून, ओठ चंबू करून "हूं" म्हणावं लागे. दीपमालाचा चेहरा उतरला. बैठक पुढे ढकलावी असं मनकर्णाबाई म्हणाल्या, पण दोन स्थळं मोडलेल्या घराने तिसऱ्या स्थळाची तारीख पुढे ढकलली तर लोक काय समजतील, हे तिघांनाही ठाऊक होतं. किसनरावांनी वहीत "निघू" असं लिहिलं.

गोपालरावांची गाडी होती आणि बोलायलाही गोपालरावच. दीपमाला आणि धम्मदीप एकमेकांना ओळखतच होते, म्हणून सिरसाटांनी तिलाही बोलावलं होतं. मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली. किसनराव पाय मोकळे करायला खाली उतरले आणि पानटपरीपाशी सावलीत उभे राहिले. टपरीवाल्याने त्यांच्या गालाकडे पाहिलं, वर उचललेल्या हनुवटीकडे पाहिलं आणि आदराने विचारलं, "साहेब, हा संपत आला अशीन. दुसरा घोटू का?"

किसनरावांना समजायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी वही उघडली आणि टपरीवर टेकवून सव्वा पान लिहिलं. टपरीवाल्याने ते मन लावून पाहिलं आणि वाचता येत नाही म्हणून परत दिलं.

अकोल्यात सिरसाटांच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली होती. जयभीम झाला, पाणी झालं. मुलाचे वडील देवमन सिरसाट बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, अंगाने आडवे. पाहुणे दारातून आत आल्यापासून ते किसनरावांकडे घाबरून पाहत होते. मग त्यांची नजर किसनरावांच्या गालावर गेली आणि तिथेच थांबली.

पोहे आले. किसनरावांनी मान हलवली. आग्रह झाला, त्यांनी हात जोडले. देवमनरावांनी विचारलं, "काहून जी, काही बोलून नाही राहिले?" किसनरावांनी हनुवटी उचलली, ओठ चंबू केले आणि "हूं" म्हटलं. मनकर्णाबाई घाईने म्हणाल्या, की परवाच दाढ काढली, म्हणून गाल सुजला.

देवमनरावांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. देवमनरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळखीचं हसू पसरलं. "असते, असते," ते म्हणाले. "आमची बी दर महिन्याले निंगते."

त्यानंतर गोपालरावांनी दाढेच्या आणि डोळ्याच्या नसेवर बोलायला सुरुवात केली. किसनरावांनी ओठ टिपले आणि पांढऱ्या रुमालावर तांबूस डाग उमटला. देवमनरावांनी तोही पाहिला. पाहुण्यांना घर दाखवतो असं सांगून त्यांनी किसनरावांचा हात धरला आणि त्यांना थेट मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीमागे नेलं. तिथे त्यांनी इकडेतिकडे बघत खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली.

तीस वर्षांची सगळी भाषणं एकदम घशाशी आली आणि जबड्याच्या फटीतून एकही बाहेर पडेना. त्यांनी वही काढली. "मी उभ्या आयुष्यात" एवढं लिहिलं.

"सर, आता तुमच्यापासून काय लपवाचं," देवमनराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मांगच्या वर्षी पोराचं एक स्थळ याच्याचपायी मोडलं. पोरीच्या बापानं माह्या तोंडावर सांगतलं, खर्रा खानाऱ्याच्या घरी पोरगी देत नाही. मंग तुमचं आलं. लोक म्हने, खंडारे सर म्हन्जे व्यसनमुक्तीवाले, पाह्यल्याबरोबर धुतात. म्या पोराले सांगतलं, नोको हे घर, माही इज्जत जाईन. पोरगं दोन दिवस जेवलं नाही, सर. आज बी मी नाही म्हनाच्याच तयारीनं बसलो होतो."

त्यांनी पुडी उलगडली आणि किसनरावांच्या गालाकडे मायेने पाहिलं.

"तुमाले पाह्यलं अन् जिवात जीव आला. बाहेर भाषन द्यावं लागते, नोकरी आहे. पन मानूस तुमी आपल्यातले निंगाले. थुंकत बी नाही, गिळता. पक्के आहात. घ्या."

किसनरावांनी मान हलवून गालाकडे बोट केलं. देवमनराव समजुतीने म्हणाले, आधीचा आहे, बरोबर.

पेन वहीवर होतं. "मी उभ्या आयुष्यात" याच्यापुढे फक्त "खर्ऱ्याला हात लावलेला नाही" एवढं लिहायचं होतं. एवढं लिहिलं की किसनराव खंडारे जसेच्या तसे राहणार होते आणि चौथ्यांदा पोहे होणार नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे तेरा शाळांतले विद्यार्थी आले, भिंतीवरची घोषवाक्यं आली, ज्याच्या गालात त्यांनी टॉर्च मारला होता तो बार्शीटाकळीचा माणूस आला. आतून दीपमालाचं हसणं ऐकू येत होतं. घरी ती अशी हसलेली त्यांना अलीकडे आठवत नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती खर्ऱ्याची नव्हती.

त्यांनी लिहिलेलं खोडलं. खाली लिहिलं, "साक्षगंधाची तारीख?"

देवमनरावांनी वही लांब धरून वाचली. त्यांनी पुडी खिशात टाकली आणि किसनरावांना मिठी मारली. मिठीत गाल दाबला गेला. किसनरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. व्याह्यांना ते आनंदाचं वाटलं, आणि ते पूर्ण खोटं होतं असंही नाही.

आत येऊन देवमनरावांनी जाहीर केलं, की सरांसारखा समजदार माणूस त्यांनी आजवर पाहिला नाही. इतका मोठा अधिकारी, पण एक शब्द वावगा नाही. तिथल्या तिथे साखरपुड्याची पंधरा तारीख ठरली, पेढा वाटला गेला. किसनरावांच्या वाटचा पेढा गोपालरावांनी त्यांच्या देखत खाल्ला. निघताना देवमनरावांनी व्याह्यांच्या सदऱ्याच्या खिशात हळूच काहीतरी सरकवलं आणि खिसा थोपटला.

परतीच्या वाटेवर दीपमालाचा फोन सारखा वाजत होता. धम्मदीप होता. बडनेरा जवळ आलं तेव्हा, देवमनराव सगळ्यांना सांगतायत की सरही खर्रा खातात, असा एक निरोप वाचून ती एकदम ताठ बसली. तिने वडिलांच्या खिशाकडे पाहिलं. प्लास्टिकचं टोक बाहेर आलं होतं. ज्या माणसाने खर्ऱ्यापायी तिची दोन स्थळं घालवली, त्याला अकोल्यातली पंधरा-वीस माणसं आता खर्रेवाला म्हणून ओळखत होती, आणि तो खिडकीबाहेर पाहत गुपचूप बसला होता.

"बाबा, तुमी त्याहीले सांगतलं काहून नाही? मी आत्ताच फोन करते धम्मदीपले. सांगते, बाबा सुपारीलेसुद्धा हात लावत नाही म्हनून. तुमची बदनामी मले चालनार नाही."

किसनरावांनी तिच्या हातातला फोन काढून स्वतःच्या मांडीवर उलटा ठेवला. बोलायचा प्रयत्न केला, पण नुसतं "हूं" झालं. मग त्यांनी वही मागितली, आणि गाडी खड्ड्यांतून चाललेली असताना, फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरात लिहून तिच्यापुढे धरलं.

"लग्न लागल्यावर सांग. तोपर्यंत मी खातो."